येईल त्यात बरकत

वरच्या मजल्यावरची निवेस पोटभर जेवत नाही, हा विचार दलेंदाच्या डोक्यात एकदा शिरला तो काही केल्या निघेना. कांदा चिरायला घेतला की तो हजर, भांडी विसळायला घेतली की तो हजर. लेक परदेशी शिकायला गेली तेव्हा असंच झालं होतं. पण ती पोटची पोर. निवेस म्हणजे सत्तरी गाठलेली इटालियन बाई, सात वर्षांची भाडेकरू. भाडेकरणीच्या ताटात काय पडतं याची काळजी घरमालकिणीने वाहावी, हे कोणाला सांगावं तर लोक म्हणतील, हिला दुसरा उद्योग नाही.

मनात पाल चुकचुकली ती लिंबांवरून.

इटलीच्या पाण्यापलीकडच्या या अरबी गावात, गुलेतमध्ये, शेजारणीचं ताट रिकामं परत करत नाहीत. दर रविवारी दलेंदा वर कुसकुसचं, म्हणजे वाफवलेल्या जाड रव्याचं, ताट घेऊन जायची. वर माशाचा तुकडा, भोपळ्याची फोड, मूठभर चणे. दोन दिवसांत ताट खाली यायचं ते मक्याच्या पिठाची बिस्किटं नाहीतर सफरचंद भरलेली गोड गुंडाळी घेऊन. सात वर्षं हा नेम चुकला नव्हता. यंदा जानेवारीत मात्र ताट चौथ्या दिवशी आलं आणि त्यात दोन लिंबं होती. लिंबं चांगली होती, पिवळीधमक. पण अंगणातल्या झाडाची. म्हणजे दलेंदाचीच. "हवी तेवढी तोडत जा," असं तिनेच निवेसला सांगून ठेवलं होतं. तिला आधी हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. पुढच्या रविवारीही लिंबंच आली. त्याच्या पुढच्या रविवारी ती ताट घेऊन वर गेली तेव्हा निवेसने दार अर्धंच उघडलं.

"आज नको गं. पोट बिघडलंय."

घरातल्या घरात तिने कोट घातला होता, गळ्याशी बटण लावून. समुद्रावरचा ओला गारठा भिंतींतून आत येत होता आणि तिच्यामागे गॅसचा हीटर बंद होता.

"टाकी संपली का? माझ्याकडे एक भरलेली आहे."

"नाही नाही, आहे टाकी. मला उकडतं."

कोट घातलेल्या बाईला उकडतं म्हटल्यावर पुढे काय बोलणार. दलेंदा ताट घेऊन तशीच खाली आली. जिन्यातच कुसकुस गार झाला.

निवेस गुलेतला आली ती मुळात दहा दिवसांसाठी. इटलीच्या वरच्या कोपऱ्यात, उदिनेजवळच्या एका गावात तिने छत्तीस वर्षं खुर्च्यांच्या कारखान्यात काढली होती. लव्हाळ्याची दोरी वळून खुर्चीची बैठक विणायची, हे तिचं काम. नवरा गेला, मागोमाग कारखाना बंद पडला, आणि पेन्शन सुरू झाली ती अशी की घरभाडं आणि वीज भागवली की महिन्याचे शेवटचे दहा दिवस पाव आणि सूप. निवृत्त कामगारांच्या एका सहलीबरोबर ती इकडे आली. पावाची किंमत ऐकली, संत्र्यांची ऐकली, समुद्राकाठच्या बाकावर तासभर बसली, आणि तिने मनाशी हिशेब मांडला. तीन महिन्यांनी दोन पेट्या आणि विणकामाची लाकडी सुई घेऊन ती परत आली ती राहायलाच.

दलेंदाची आणि तिची गाठ पडली हम्मादीच्या मासळीच्या ठेल्यावर. निवेसने एका चंदेरी माशाकडे बोट दाखवून भाव विचारला. "अठरा हजार!" हम्मादी ओरडला. इथे दिनार असं कोणी म्हणत नाही; दिनाराचे मिलीम हजार, म्हणून अठरा दिनार म्हणजे अठरा हजार. निवेसने मासा जागच्या जागी ठेवला आणि छातीवर क्रूस काढला.

दलेंदा शेजारीच उभी होती. इटालियन तिला लहानपणापासून येत होतं, कारण त्या काळी गुलेतच्या टीव्हीच्या अँटेनांना पाण्यापलीकडच्या इटलीशिवाय दुसरं काही दिसायचंच नाही. तिने हळूच म्हटलं, "बाई, शेवटची तीन शून्यं सोडून द्या."

"मग उरतात किती?"

"अठरा."

"युरो?"

"दिनार."

निवेसने मनातल्या मनात भागाकार केला, तिचा चेहरा उजळला आणि तिने दोन मासे मागितले. हम्मादीने सुस्कारा सोडला. "मावशी, तुम्ही मध्ये पडला नसता तर याच वर्षी हज करून आलो असतो मी!"

दलेंदाचा नवरा जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. वरचा मजला रिकामा पडला होता आणि शाळेतून निवृत्त झालेल्या या भूगोलाच्या बाईंना, म्हणजे दलेंदाला, त्या रिकाम्या खोल्यांतून पावलं वाजल्याचे भास होत होते. दलाल मध्ये होता. त्याने भाडं ठरवलं, महिना पाचशे दिनार. आकडा त्याच्या तोंडून निघाला, दोघींच्या नाही. दोघींनी फक्त मान हलवली.

वर्षभरात निवेस गल्लीची होऊन गेली. कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याच्या खुर्च्यांच्या फाटक्या बैठका पाहून तिला झोप येईना, म्हणून तिने एकेक खुर्ची घरी नेऊन विणून दिली. पैसे विचारले तर म्हणाली, "काही नको." कॉफीवाला ऐकेना, इथल्या रिवाजाप्रमाणे तो तीनदा आग्रह करून चौथ्यांदा नोट तिच्या खिशात कोंबायला गेला, तर ती चिडली. तिचं 'काही नको' म्हणजे खरंच काही नको. मग त्याने रोजची एक कॉफी लावून दिली, ती मात्र तिने घेतली. दलेंदाच्या जेवणाच्या सहा खुर्च्याही तिनेच विणल्या. विणताना ती खुर्चीशी बोलायची, गावाकडच्या बोलीत. मासळीबाजारात ती दुपारी एकनंतर जायची, भाव उतरल्यावर, आणि तरीही हम्मादीशी पाचपन्नास मिलीमवरून भांडायची. तो तिला "मदाम कवडी" म्हणायचा आणि वजनात एक तारली जास्त टाकायचा. ती अरबीही शिकली. चुकत, अडखळत, पण जिद्दीने. दुकानात, दवाखान्यात ती इटालियन बोलायला तयारच नसे. म्हणायची, "त्यांच्या घरात राहायचं आणि आपल्या भाषेत मागायचं, हे बरं दिसत नाही."

भाड्याचं बोलणंही म्हणूनच अरबीत झालं.

करार मार्चमध्ये संपायचा. पहिलं वर्ष सरलं तेव्हा दलाल मध्ये नव्हता. निवेस नीट केस विंचरून खाली आली, नारंगीच्या फुलांचं पाणी घातलेली कॉफी घेतली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "दलेंदा, पुढच्या वर्षी किती?"

दलेंदाला कानकोंडं झालं. समोर माणूस बसलाय, आपल्या कपातून कॉफी पितोय, आणि त्याच्या तोंडावर आकडा फेकायचा? तिच्या आईने, आजीने कधी फेकला नव्हता. त्या म्हणायच्या तेच तिच्या तोंडून निघालं: "तुझ्याकडून येईल त्यात बरकत."

याचा अर्थ इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. आहे तेच चालू दे, ओढाताण असेल तर चार कमी दे, आपल्यात मोजमाप कसलं. त्यावर समोरच्याने म्हणायचं, "अल्ला तुझं भलं करो, मग गेल्या वर्षीइतकंच." संपला विषय. निवेसने मात्र तसं म्हटलं नाही. कप बशीत ठेवला. मग म्हणाली, "साठ वाढवू?"

दलेंदा चकितच झाली. "नको, नको," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे देणाऱ्याच्या हातावर मारल्यासारखं, म्हणून मग गप्प राहिली. रात्री लेकीला फोनवर कौतुकाने सांगितलं, "आपण मागितलं नाही तरी दिलं बघ. या लोकांना न्यायाची चाड असते."

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षी तेच. गुलेतमध्ये भाडी तशीही चढत होती; तेलाचे, कॉफीचे, औषधांचे भाव वर्षागणिक उड्या मारत होते, त्यामुळे वाढीचं कोणाला नवलही वाटलं नाही. दलेंदा दरवर्षी तेच म्हणायची, निवेस दरवर्षी आपणहून वाढवायची, आणि दोघी कॉफी संपवून दुसरं बोलायला लागायच्या.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दलेंदा मासळी आणायला गेली तेव्हा हम्मादी सुरी पुसत म्हणाला, "मावशी, एक विचारू? तुमच्या मदामने मांजर पाळलंय का?"

"मांजर? नाही. केसांनी तिला शिंका येतात."

"मग डोकी कोणासाठी नेते?"

"कसली डोकी?"

"माशांची. दर मंगळवारी, मी आवरायला लागलो की येते. म्हणते, मांजरासाठी. मी म्हटलं, मदाम, मांजराला माझा सलाम सांगा, त्याला म्हणावं आज तारल्या ताज्या आहेत. एरवी हसली असती. नाही हसली."

"पैसे घेतलेस डोक्यांचे?"

"मावशी! मला काय समजता?" हम्मादी खरंच दुखावला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण ते सोडा. ती भांडत नाही हो आता. गिऱ्हाईक भांडतंय तोवर आपलं असतं. भांडणं थांबलं की समजावं, निघालं."

त्या दिवशी दलेंदाने मासे घेतले नाहीत. घरी आली ती सरळ वर गेली आणि दार उघडल्यावर आत जाऊन बसलीच, बोलावण्याची वाट न बघता.

"काय होतंय तुला? खरं सांग. डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर."

"गुडघा सोडला तर घोडीसारखी आहे मी."

"घोडी चांगली खाते तरी."

निवेस हसली, पण डोळे खाली घालून. मग तिने टेबलावरचा धागा उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला. "सांगणारच होते. मी दहा तारखेला जरा लेकीकडे जाऊन येते. जमलं तर तिथेच..."

"जमलं तर म्हणजे?"

"तिच्या बैठकीच्या खोलीत घडीचा पलंग बसतो का, बघायचंय. दोन मुलं आहेत तिची, अभ्यासाचं टेबल तिथेच असतं. पण बसेल. वीस तारखेपर्यंत कळवते तुला. तिथल्या नगरपालिकेत नाव लावायचं तर महिना संपायच्या आत लावलेलं बरं."

तिथे नाव लागलं की इथला मुक्काम कागदोपत्री संपला, हे दलेंदाला ठाऊक होतं. मग परत येणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळे कागद, आणि या वयात ते कोणी करत नाही.

"आमचं काही चुकलं का?"

"नाही गं, तुझं काय चुकणार," निवेस म्हणाली, जरा जास्तच लगेच. "तू माझ्याशी फार चांगली वागलीस. सगळंच महाग झालंय. इथंही, तिथंही. लेकीला थोडे पाठवावे लागतात, धाकट्याला बोलायला शिकवणारी बाई लावलीय. गुडघ्याची इंजेक्शनं आहेत. तू वाईट नको वाटून घेऊ."

दहा तारखेला ती गेली. टॅक्सीत बसताना तिने दलेंदाच्या हातात किल्ली ठेवली आणि दोन्ही गालांवर ओठ टेकले. गल्लीतल्या कॉफीवाल्याने पेटी डिकीत ठेवली आणि विचारलं, "कधी परत, मदाम?" ती म्हणाली, "इन्शाल्ला." निवेस कधी इन्शाल्ला म्हणत नसे. ती नेहमी वार आणि वेळ सांगायची.

एकोणीस तारखेला दुपारी स्ट्रासबुर्गहून सिरीनचा फोन आला. दलेंदाची ही एकुलती एक लेक तिथे इस्पितळाच्या प्रयोगशाळेत शिकाऊ होती. जूनमध्ये परीक्षा, मग नोकरी.

"आई, जेवलीस?"

"मी जेवले. तू?"

"सँडविच."

"कशाचं?"

"आई, सँडविचचं. तुझी लाडकी काय म्हणते? फोन आला का तिचा?"

"उद्या सांगणार आहे." आणि दलेंदाने सगळं सांगून टाकलं. लिंबं, कोट, मांजर. "मला वाटतं तिला काहीतरी मोठा आजार आहे आणि लपवतेय."

"आजार कशाला हवा? पैसे पुरत नसतील. भाडं किती आहे आता?"

"नऊशे चाळीस."

"किती? आई, पाचशे होतं ना!"

"ओरडू नकोस. मी एका दिनारानेही वाढवलेलं नाही. ती आपणहून वाढवते. विचारते, किती? मी म्हणते, तुझ्याकडून येईल त्यात बरकत. मग ती सांगते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. दलेंदाला वाटलं, फोन ठेवला.

"सिरीन?"

"आहे. हे तू तिला अरबीत म्हणतेस?"

"मग? तिला सगळं कळतं. हम्मादीच्या शिव्यासुद्धा कळतात."

"शब्द कळत असतील गं. बोलणं कळतं का? तुला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. पहिल्या वर्षी मी एका बाईंच्या मुलीला शाळेतून आणायचे, आठवतं? बाईंनी विचारलं, तासाला किती घेशील? मी काय म्हणाले असेन?"

"काय?"

"तुझीच मुलगी ना मी. म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल ते. तर त्यांना योग्य वाटलं ते दिलं त्यांनी! चार महिने. तासाला एक बिस्किटांचा पुडा येईल एवढं. मनात काही खोट नव्हती बिचारीच्या, नाताळला मला मफलर दिला. तिला वाटलं, मला चालतंय."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू पहिल्या बसने निघून आली असतीस."

"समुद्र आहे मध्ये."

"तरी आली असतीस. आई, ऐक. या माणसांना आकडा सांगितला नाही तर ती स्वतःच शोधतात. द्यायची वेळ असली आणि भीती नसली तर लहान शोधतात. भीती असली तर मोठा. निवेस घाबरत असेल."

"मला? मला कोण घाबरतं? तीस वर्षं शिकवलं, शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा घाबरली नाहीत कधी."

"तुझ्याकडे तिचं घर आहे," सिरीन म्हणाली.

दलेंदा खुर्चीवर बसली. निवेसनेच विणलेल्या खुर्चीवर. दरवर्षीचा मार्च तिच्या डोळ्यांसमोरून जायला लागला आणि आता तो वेगळाच दिसायला लागला. इथल्या पेन्शनवाल्या इटालियन मंडळींचा रविवारचा अड्डा असे, तिथून आल्यावर निवेसने एकदा हसत हसत सांगितलं होतं, "आमच्यातले जुने लोक म्हणतात, इथे कोणी आकडा सांगत नसेल तर समजायचं, आकडा मोठा आहे." दोघी खूप हसल्या होत्या. दलेंदाला वाटलं होतं, नळ दुरुस्त करणाऱ्यांबद्दल बोलतेय.

आणि तिसऱ्या वर्षीचं ते. निवेस म्हणाली होती, "सत्तर वाढवते. पुरे का?" आणि दलेंदाने तिचा हात थोपटून, अगदी मनापासून म्हटलं होतं, "सांगितलं ना, येईल त्यात बरकत." त्यावर निवेसने एकदा डोळे मिटले, उघडले आणि म्हणाली, "बरं, नव्वद." केवढं मोठं मन, असं वाटलं होतं तेव्हा. ते मन नव्हतंच. ती बाई अंधारात पायरी चाचपडत होती, आणि प्रत्येक वेळी दलेंदा तिला आणखी एक पायरी खाली ढकलत होती, हसतमुखाने, कॉफी देऊन. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड एकीची होती आणि भीक दुसरीच्या वाट्याला आली होती.

"आई, बोल ना."

"काय बोलू."

"ते वरचे पैसे..." सिरीनचा आवाज बारीक झाला. "तू मला दर महिन्याला पाठवतेस, ते तेच ना?"

दलेंदा खोटं बोलली असती, पण तिला एवढ्या पटकन सुचलं नाही. "तू अभ्यास कर," ती म्हणाली.

"म्हणजे तेच. तिची मासळी मी खाल्ली."

"असं बोलायचं नाही! तुला काय ठाऊक होतं?"

"तुलाही नव्हतं. आई, जूनपर्यंत मी भागवीन. संध्याकाळचं काम परत धरते. आता आकडा सांगता येतो मला."

"काही धरायचं नाहीये. रात्री दहाला घरी, पहाटे प्रयोगशाळेत, वर परीक्षा. वजन बघ तुझं, मागच्या वेळी विमानतळावर ओळखू आली नाहीस."

"मग निवेसचं वजन?"

सिरीनची जेवणाची सुटी संपली होती. "मी वेडंवाकडं काही करणार नाही," ती म्हणाली, "पण आई, तू उद्याची वाट बघू नकोस. उद्या ती तुला ठरलेलं सांगेल. ठरल्यावर तिच्यासारखी बाई माघार घेत नाही."

फोन ठेवल्यावर दलेंदाने टेबल आवरायला घेतलं. दोन ताटं डोळ्यांसमोर होती, एक स्ट्रासबुर्गचं, एक वरच्या मजल्यावरचं, आणि भांड्यातलं कालवण तेवढंच. एकीला वाढायचं तर दुसरीचं कमी होणार. त्यात जादू नव्हती. पुढचे चार महिने लेकीच्या काळजीने झोप लागणार नाही, हे तिला आत्ताच कळत होतं. ती काळजी तिच्या ओळखीची तरी होती. लेक तोंडाने सांगत होती, मी भागवीन. आणि तिला फोन करून, जेवलीस का, असं दिवसातून तीनदा विचारायची मुभा होती. निवेसला असं विचारणारं इथे कोण होतं? जी होती तिच्यापासूनच ती लपवत होती.

तिने आधी निरोप लिहायला घेतला. लिहिलं, 'प्रिय निवेस, भाड्याचं तू मनावर घेऊ नकोस.' वाचलं आणि पुसलं. हे वाचून निवेस म्हणेल, म्हणजे नक्कीच मनावर घ्यायचं आहे. मग लिहिलं, 'तू परत ये, आपण काहीतरी बघू.' तेही पुसलं. काहीतरी म्हणजे किती? पुन्हा ती बिचारी बोटाला धागा गुंडाळत बसेल. तिसऱ्यांदा लिहिलेलं वाक्य तर इतकं गोड झालं की दलेंदाला स्वतःचाच राग आला. तीस वर्षं मुलांना सांगितलं, उत्तर लिहिताना गोल फिरू नका, नदीचं नाव लिहा. आणि स्वतःला एक आकडा लिहिता येत नव्हता.

आकडा तसा अवघड नव्हता. पाचशे. पहिल्या वर्षी होता तोच. मागची वर्षं कशी फेडायची ते समोरासमोर बसून बघता येईल. पण तो तोंडाने सांगायचा. इटालियनमध्ये सांगायचा, म्हणजे अर्थ लावायला जागा उरणार नाही. आणि सांगून झाल्यावर गप्प बसायचं. 'तुला चालत असेल तर' असं शेपूट जोडायचं नाही. माशांच्या डोक्यांचं काही बोलायचं नाही. ते आपल्याला ठाऊक आहे हे तिला कधीच कळता कामा नये. फक्त म्हणायचं, माझी चूक झाली, सात वर्षं मी तुझ्याशी नीट बोलले नाही.

याला ती काय म्हणेल, सांगता येत नव्हतं. तिला ती दया वाटेल, राग येईल. म्हणेल, मी माझ्या मर्जीने दिलं, तू कोण परत करणारी. घडीचा पलंग कदाचित एव्हाना मांडूनही झाला असेल.

घड्याळात तीन वाजायला आले होते. तिकडची जेवणं आटोपली असतील. तिची लेक कामावर, नातवंडं शाळेत. घरात निवेस एकटीच असेल, आणि एकटी असतानाच तिच्याशी बोलायला हवं. नगरपालिका सकाळी उघडते. दलेंदाने चष्मा लावला, घसा खाकरला, पाचशे हा शब्द इटालियनमध्ये एकदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि फोन करायचाच असं ठरवून तो हातात घेतला.